फिनिश चित्रांतल्या नग्न देहाचा रंग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फिनिश अभिव्यक्तिवादी (जसे दिसते तसे नव्हे, तर जसे जाणवते तसे रंगवणाऱ्या) चित्रांतील नग्न देहावर लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. पण 'फिनिश माणूस सॉनात, म्हणजे गरम वाफेच्या स्नानघरात, उघडाच बसतो, म्हणून तिथल्या चित्रकारांना नग्नतेचा संकोच नव्हता' या एकाच समजुतीवर तो सगळा लेख उभा आहे, आणि ती समजूत टिकणारी नाही.

संकोच होता. १८८८ साली फिनिश चित्रकार अक्सेली गालेन-काल्लेला यांनी पॅरिसमध्ये 'देमास्के' रंगवले. मुखवटा काढून हातात धरलेली, समोर बघत बसलेली नग्न स्त्री. हा नग्नाभ्यास फिनिश आर्ट सोसायटीनेच मागवला होता, पण आलेले चित्र तिला पेलवले नाही. त्यांचीच १८९१ मधली आइनोही नग्न आहे. ती मात्र 'कालेवाला' या फिनलंडच्या राष्ट्रीय महाकाव्यातली, म्हणून देशाने तिला आपली मानले. अडचण उघड्या अंगाची नव्हती. ते अंग त्या काळच्या, ओळखता येणाऱ्या बाईचे होते, ही होती. टाम्पेरेच्या कॅथेड्रलमध्ये ह्यूगो सिम्बेर्ग यांनी भिंतीवर बारा नग्न मुलगे काढले आहेत, काटेरी गुलाबांची लांबलचक माळ खांद्यांवर वाहणारे. १९०७ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चर्चच्या सजावटीवरही वाद झालाच.

लेखात 'स्नान करणारे पुरुष' हे चित्र फिनिश म्हणून छापले आहे. ते हेलसिंकीच्या अटेनियम संग्रहालयात आहे हे खरे, पण चित्रकार नॉर्वेचे एडवर्ड मुंक. १९०७ मध्ये जर्मनीतल्या वार्नेमुंडेच्या किनाऱ्यावर त्यांनी ते हाती घेतले आणि १९११ मध्ये ते हेलसिंकीच्या संग्रहासाठी विकत घेतले गेले. फिनिश चित्रकारांना आपल्याच शहरात रोज जाऊन पाहता येईल असे हे दोन मीटरहून मोठे उदाहरण होते, म्हणून ही दुरुस्ती महत्त्वाची आहे.

फिनलंडमध्ये अभिव्यक्तिवादाविरुद्ध मोठी ओरड झाली ती चित्रकार त्यको सल्लिनेन यांच्या 'मिर्री' चित्रांवर, आणि त्यांतल्या बहुतेक चित्रांत मिर्री कपड्यांत आहे. मिर्री म्हणजे त्यांची पत्नी हेल्मी. लालबुंद गाल, बसके नाक, विचकलेले दात असा तो चेहरा. फिनिश स्त्रीला कुरूप दाखवून देशाचा अपमान केला, असा आक्षेप होता. नग्न देहाकडे पाहतानाही हाच धागा धरावा लागतो. प्रेक्षकाला खुपली ती चितारण्याची रीत.

ती रीत ओळखायची असेल तर चेहरा सोडून सावली पाहावी, काखेतली किंवा मांडीखालची. मॅग्नस एन्केल यांच्या 'जागृती'त (१८९४) पलंगाच्या कडेला बसलेल्या तरुणाची सावली राखाडी-तपकिरी आहे आणि प्रकाशापासून तिच्यापर्यंत रंग हळूहळू उतरत जातो. वेर्नर थोमे यांच्या 'पोहणारी मुले'मध्ये (१९१०) सावलीत जांभळा आणि निळा येतो, कारण तिथे उन्हाचे प्रतिबिंब रंगवायचे आहे. १९१२ मध्ये पुढे आलेला सेप्टेम हा चित्रकारांचा गट याच शुद्ध रंगांचा. नंतर सल्लिनेन यांच्याभोवती जमलेल्या नोव्हेंबर गटात पॅलेट मातीकडे वळते: ऑकर (मातकट पिवळा), गेरू, अंबर (गडद तपकिरी), काळा. अंगाची सावली आणि मागची भिंत एकाच रंगाची होते, त्यामुळे देह पार्श्वभूमीतून सुटून पुढे येत नाही, तिच्यातच रुतून बसतो. महायुद्धाने पॅरिसची वाट अडवली होती आणि १९१८ मध्ये देशात यादवी झाली. हा अंधार नुसत्या शैलीच्या हौसेतून आलेला नाही, असे माझे ठाम मत आहे.

कलाशाळेतले विद्यार्थी पुरवणीतली अशी चित्रे समोर ठेवून नक्कल करतात, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तयार 'फ्लेश टिंट'ची ट्यूब बाजूला ठेवा. पांढरा, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि काळा एवढे पुरे. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नका. आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला अंबर चिंधीने चोळून वाळू द्या. हीच पुढे मधली छटा होते आणि जागोजाग उघडी ठेवायची असते. ८ ते १२ नंबरचे चपटे, राठ केसांचे ब्रश घ्या. मऊ ब्रशने फटकारा पुसला जातो आणि चित्र परत अकादमीच्या गुळगुळीत शैलीत जाते. सगळ्यात जास्त घात करतो तो पांढरा रंग: प्रत्येक मिश्रणात तो मिसळला की कातडी चुन्यासारखी दिसते. उजळपणा हवा तिथे आधी ऑकर वाढवून पाहा. ओल्या ऑकरवर काळी बाह्यरेषा ओढली की दोन्ही मिसळून हिरवट छटा येते. ती चूक समजून पुसू नका, फक्त कुठे येऊ द्यायची ते ठरवून ठेवा. काळा रंग सावकाश वाळतो, अंबर झटपट. म्हणून जाड काळ्यावर अंबर चढवला तर भेगा पडतात. खालचा थर टर्पेंटाइनचा आणि वरचा जवसाच्या तेलाचा, हा क्रम मोडू नये. पावसाळ्यात दोन थरांमध्ये जास्त दिवस जाऊ द्यावेत.

शेवटी एक विनंती. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि गडद तपकिरी भाग एकमेकांत मिसळून काळे ठिक्कर होतात. पुरवणीतल्या दोन चित्रांत नेमकी सावलीच नाहीशी झाली आहे, आणि एका चित्राच्या कडा कापून निव्वळ धड ठेवले आहे. पुढच्या वेळी चित्र पूर्ण छापावे, छपाईपूर्वी गडद छटा थोड्या उघडून घ्याव्यात आणि खाली चित्रकार, वर्ष, माध्यम, मोजमाप व संग्रहालय द्यावे. मुंक यांच्या चित्राखालची ओळ तेवढी येत्या अंकात दुरुस्त करावी.

आपला,
एक नियमित वाचक