सूचना : सिंगापूर सहल, बॅग भरण्याआधी वाचा
सर्व सर-मॅडमना नमस्कार. घाटंजी तालुक्यातून आपण एवढे जण निघतोय याचा फार आनंद आहे, म्हणूनच हे आधी सांगणं. खर्रा किंवा तंबाखूची पुडी कुणीही नेऊ नये. सिंगापुरात खाण्याच्या तंबाखूवर बंदी आहे, दंड होतो. शर्टाचे खिसे, पर्सचे कप्पे झटकून पाहा; विसरलेली पुडी तिथंच सापडते. च्युइंगगमही नको.

पासपोर्टची मुदत किमान ६ महिने उरलेली हवी. आगमन कार्ड (सिंगापुरात प्रवेशासाठीचा सरकारी फॉर्म) पोहोचण्याआधी, पोहोचण्याचा दिवस धरून ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं, नाव पासपोर्टवर आहे तसंच. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट सरकारी नाही. पॉवरबँक हातातल्या बॅगेत, लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत. तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा, अ‍ॅडॉप्टर घ्या.