दाबोळीतील चाचणीपट्टीची माहिती हवी

माननीय संपादक,

दाबोळी विमानतळावर सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवण्यावरून गोव्यात अनेकदा नाराजी व्यक्त झाली आहे, आणि पर्यटन व्यवसायाच्या दृष्टीने ती रास्तही आहे. मात्र तेथे नेमके काय घडते, याची चर्चा क्वचितच होते. विमानवाहू नौकेच्या तोकड्या डेकवरून लढाऊ विमान चढत्या उतारावरून हवेत झेपावते आणि परतताना शेपटीखालील आकडा पोलादी तारेत अडकवून थांबते. हा उतार आणि या तारा दाबोळीतीलच ‘आयएनएस हंसा’ या नौदल तळावर चाचणीपट्टी म्हणून जमिनीवरच उभारलेल्या आहेत. तेजसच्या नौदल आवृत्तीने 13 सप्टेंबर 2019 रोजी तारेच्या साहाय्याने उतरण्याची चाचणी येथेच दिली आणि 11 जानेवारी 2020 रोजी ती ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरली. नौदलाने ते विमान जड ठरवले असले, तरी त्यातून मिळालेले ज्ञान विकत मिळणारे नव्हते.

1971 च्या युद्धात ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले, पुढे उभे उतरू शकणारी सी हॅरियर आली, 2016 मध्ये निवृत्त झाली, आणि आता मिग-29के आहेत. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जुनी विमाने पाहायला मिळतात. तेथेच या चाचणीपट्टीची प्रतिकृती मराठी व कोकणी माहितीफलकांसह मांडावी आणि शिक्षण खात्याने शालेय सहली तेथे न्याव्यात, अशी विनंती आहे.

– एक वाचक, वास्को