बारा व्होल्टची बॅटरी न तपासताच हायब्रिड बॅटरी बदलायला सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
मॅनेजर, कस्टमर केअर

नमस्कार सर/मॅडम,

मी मनीषनगर, नागपूरला राहतो, तुमची हायब्रिड गाडी वापरतो. सोमवारी सकाळी आईला रामदासपेठेत डॉक्टरकडे न्यायचं होतं, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं तर गाडी सुरूच होईना. डॅशबोर्डवरचे सगळे लाइट एकदम लागले पण मंद, आतून टिकटिक आवाज येऊन राहिला होता आणि रेडीचा (गाडी चालायला तयार असल्याचा) लाइट काही येईना. आईला ऑटोनं पाठवलं अन् तुमच्या हेल्पलाइनला फोन लावला. लाइट मंद आहेत का, टिकटिक येते का, काही न विचारता थेट सांगितलं की हायब्रिड सिस्टीम गेलेली दिसते, टो करा.

गाडी वर्धा रोडच्या वर्कशॉपला नेली. संध्याकाळी अ‍ॅडव्हायझरचा फोन, म्हणे स्कॅनरवर लय कोड (बिघाडाचे नंबर) आले, मोठी हायब्रिड बॅटरीच बदलावी लागेल, आणि एस्टिमेट लाखांच्या घरात! मी विचारलं की बारा व्होल्टची बॅटरी चेक केली का, तर म्हणे हायब्रिडमध्ये तिचा काय संबंध.

तुमच्याच माणसानं असं बोलावं याचा मला खरंच राग आला. या गाडीत इंजिन फिरवायला मोठी बॅटरी लागते हे बरोबर, पण कॉम्प्युटर चालू करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले (करंट जोडणारे स्विच) जोडायचे हे काम त्या छोट्या, बारा व्होल्टच्या बॅटरीचंच आहे, ती उतरली की मोठी बॅटरी चार्ज असूनही गाडी रेडीत येत नाही, आणि व्होल्टेज पडलं की स्कॅनरवर भलतेसलते कोडही दिसतात. मग आधी मीटर लावायचा की आधी एस्टिमेट काढायचं?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन समोर उभा राहिलो. मेकॅनिकनं डिकीतलं कव्हर काढून मीटर लावला, 10.8 व्होल्ट! चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. दुसरी बॅटरी जोडली, कोड क्लिअर केले, बटण दाबलं आणि रेडी आलं. नंतर एकही कोड परत आला नाही. (मेकॅनिक पोरगा चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही.) नागपुरात मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो, उन्हानं या बॅटऱ्या लवकर बसतात हे सीताबर्डीतला कोणताही बॅटरीवाला सांगेल, तुमच्या वर्कशॉपला माहीत नसावं?

नवीन छोट्या बॅटरीचे पैसे मी दिले, ते मान्य आहेत. पण बिलात टोइंग आणि हायब्रिड डायग्नोसिसचा चार्ज लावला तो मला परत पाहिजे. जॉब कार्डवर 'हायब्रिड बॅटरी फेल' लिहिलंय ते दुरुस्त करून द्या, उद्या गाडी विकायची म्हटलं की गिऱ्हाईक तेच बघेल. आणि हेल्पलाइनवाल्यांना सांगा की टो म्हणायच्या आधी बारा व्होल्टचं विचारत जा, जम्पर लावून जागेवर सुरू होणारी गाडी उचलून न्यायची गरज नसते. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर घाबरून लाखभर रुपये भरून मोकळा झाला असता.

बिल आणि जॉब कार्डचे फोटो सोबत जोडलेत. उत्तर ईमेलवरच द्या, फोनवर नको.

आपला,
एक ग्राहक, मनीषनगर, नागपूर