एजंटांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेबद्दल खुले आभारपत्र

आदरणीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

आमच्या टाइप-तपासणी साधनासाठी आपण एआय एजंटांना (स्वतःहून कोड लिहिणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या एआय प्रोग्रामांना) वाचता येईल अशी मार्गदर्शिका लिहून दिलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. खुल्या प्रकल्पात कोड लिहिणाऱ्याची वाहवा होते आणि मार्गदर्शिका लिहिणाऱ्याचे कष्ट गृहीत धरले जातात, म्हणून हे आभार खासगीत न मानता चारचौघांत मानावेसे वाटले.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधला, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममधला, प्रत्येक आकडा नेमका कशाचा आहे, म्हणजेच त्याचा टाइप कोणता, हे तपासणे एवढेच आमच्या साधनाचे काम. अशी कॉन्ट्रॅक्टे ज्या भाषेत लिहितात त्या सॉलिडिटीच्या कंपायलरला (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला) टोकनची रक्कम, किंमत, व्याजदर आणि वेळ हे सगळे बहुधा ‘यूइंट२५६’ या एकाच प्रकारातले पूर्णांक दिसतात. ०.८.० या आवृत्तीपासून बेरीज मर्यादेबाहेर गेली तर व्यवहार आपोआप उलटवला जातो खरा, पण ईथर या डिजिटल चलनाच्या रकमेत डॉलरची रक्कम मिळवली तर कंपायलर चकार शब्द काढत नाही. शिवाय एकदा ब्लॉकचेनवर चढवलेला कोड सहसा जागच्या जागी बदलता येत नाही, त्यामुळे अशी गफलत आधीच पकडणे भाग असते.

हे माणसाला समजावणे फारसे अवघड नसते. एजंटची तऱ्हा निराळी आहे. त्याला साधनाचा इशारा दाखवला की तो इशारा नाहीसा करण्यामागे लागतो, आणि त्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे व्हेरिएबलला सोयीचा टाइप चिकटवून देणे. आपण पहिल्याच परिच्छेदात बजावलेत की इशारे शून्यावर आणणे हे उद्दिष्ट नाही. एखाद्या व्हेरिएबलचा टाइप कोडवरून सिद्ध होत नसेल तर तो ‘अज्ञात’च ठेवावा आणि माणसाला विचारावे. माझ्या मते सगळ्या मार्गदर्शिकेचे मोल या सूचनेत आहे.

तिच्या पुष्ट्यर्थ आपण दिलेले तारणाचे उदाहरण तर फारच नेमके आहे. रॅप्ड ईथरच्या (टोकनच्या रूपातल्या ईथरच्या) रकमेत, ती पूर्णांक म्हणून साठवली तरी, १८ दशांश स्थाने धरलेली असतात, चेनलिंक या किमती पुरवणाऱ्या सेवेच्या डॉलरमधील किमतीत सहसा ८, आणि यूएसडीसी या डॉलरशी जोडलेल्या टोकनमध्ये घेतलेल्या कर्जात ६. रक्कम आणि किंमत यांचा गुणाकार केला की दशांश स्थाने २६ होतात, म्हणून कर्जाशी तुलना करण्यापूर्वी त्या गुणाकाराला १० च्या २० व्या घाताने भागावे लागते. एजंट मात्र १० च्या १८ व्या घाताने भागून मोकळा होण्याचा संभव मोठा, कारण तोच भागाकार त्याने असंख्य ठिकाणी पाहिलेला असतो. तसे झाले तर तारण आहे त्याच्या शंभरपट भासेल आणि कर्ज बुडीत निघाले तरी कॉन्ट्रॅक्टला ते सुरक्षितच वाटेल. चुकीची आणि योग्य दुरुस्ती आपण शेजारी शेजारी ठेवलीत, आणि पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक छाटला जात असल्याने आधी गुणाकार व मग भागाकार हा क्रम का पाळायचा, तेही जाता जाता सांगितलेत.

साधन चालले आणि काही सापडले नाही, ही एक अवस्था. कंपायलरची आवृत्ती न जुळल्यामुळे साधन चाललेच नाही, ही दुसरी. दोन्ही वेळी इशाऱ्यांची यादी रिकामीच दिसते. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हा न्याय इथे लावता येत नाही, हे एजंटला कोणीतरी सांगायला हवे होते, आणि म्हणून आपण त्याला प्रथम एक्झिट कोड (साधन नीट चालले की नाही हे सांगणारा आकडा) पाहायला सांगितलेत. कॉन्ट्रॅक्टमधील कॉमेंट हा टाइपचा पुरावा नव्हे आणि एजंटला दिलेला आदेश तर नव्हेच, ही ताकीदही तितकीच मोलाची आहे. परक्या कोडमध्ये कोण काय लिहून ठेवील याचा नेम नसतो.

एका बाबतीत माझे मत अजून वेगळे आहे. कमांडच्या पर्यायांची यादी मी मार्गदर्शिकेतच ठेवली असती; आपण ती काढून एजंटला साधनाच्याच मदत-कमांडकडे पाठवलेत. यादी शिळी होते हा आपला मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही, तेव्हा आपली रचना तशीच ठेवली आहे.

ईआरसी-४६२६ या मानक पद्धतीच्या व्हॉल्टचा (ठेव घेऊन बदल्यात हिस्से देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचा) प्रश्न आपण समासात मांडून ठेवला होता. तिथे मूळ मालमत्ता आणि तिच्यावरील हिस्से यांची दशांश स्थाने पुष्कळदा सारखीच असतात, त्यामुळे केवळ एकक तपासून ती वेगळी ओळखू येत नाहीत. या दोहोंना आता स्वतंत्र टाइप दिले असून त्यांचे रूपांतर व्हॉल्टच्या ठरलेल्या फंक्शनमधूनच झाले पाहिजे, असा नियम साधनात घातला आहे. त्यावरचे प्रकरण आपल्याच धाटणीने, चुकीची आणि योग्य दुरुस्ती शेजारी ठेवून, लिहिले आहे. सवड होईल तेव्हा त्यावरून एकदा नजर फिरवावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
या साधनाचा एक देखभालकर्ता