सूचना : शनिवारच्या कॉमिक कॉनबद्दल

मंडळी, शनिवारी मुंबई कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळा. आपण आवडत्या पात्रांचे वेश करून जाणार. सकाळी दहाला मेट्रो ३ च्या बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) स्थानकाबाहेर भेटायचं. पंख, ढाली, चिलखतं सुटी करून चादरीत गुंडाळून आणा, आत गेल्यावर जोडू. लोकलच्या गर्दीत घालून येण्याचं धाडस कोणी करू नये.

खरी धातूची पाती, टोकदार काठ्या, छर्‍यांची बंदूक काहीही नको. तपासणीत अडकलात तर सगळा गट खोळंबतो. ईव्हीए फोमची (हलका, रबरासारखा फोम) तलवार दिसायला तेवढीच जबरदस्त दिसते!

ज्यांचं वेशाचं काम अजून चालू आहे त्यांनी ऐका : फोमवर आधी हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवा, छिद्रं मिटली की मगच रंग. नाहीतर फोम रंग पितच राहतो. फेविबॉन्ड (रबरी गोंद) दोन्ही बाजूंना लावून थोडं सुकू द्या, बोटाला जेमतेम चिकटेल इतपत, आणि मग दाबा. ओलं असताना दाबलेला सांधा दुपारपर्यंत सुटतो. शेवटचा रंग शुक्रवारी रात्री नको, गुरुवारीच.

सेफ्टी पिना, सुई-दोरा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप प्रत्येकानं स्वतःची आणावी. पाणी प्या, मुखवट्यात घाम फार येतो.

कोण कुठलं पात्र करतंय ते बुधवारपर्यंत कळवा.