पियानोची गोडी आधी कानाला लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना वाद्य कोणत्या वयापासून शिकवावे आणि परीक्षांना केव्हा बसवावे, याविषयी वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. गेली 22 वर्षे मी पियानो शिकवते. वयाची आणि परीक्षांची एवढी चर्चा होत असताना मूल घरात काय ऐकते याकडे मात्र दुर्लक्ष होते, असे मला वाटते.

माझे शिक्षण वर्गात सुरू झालेच नाही. आई कामे आटोपून रोज संध्याकाळी पियानो वाजवायला बसे आणि मी वाद्याच्या बाजूला पाठ टेकून ऐकत असे. उजवे पेडल दाबल्यावर तारांवरचे नमद्याचे दाबक एकदम उचलले जातात आणि न वाजवलेल्या ताराही झंकारू लागतात, हे पुढे समजले. तेव्हा लाकडातून पाठीत उतरणारी थरथर तेवढी कळत होती. एखादी ओळ चुकली की आई थांबे, तीच ओळ चार-पाच वेळा सावकाश वाजवी आणि मगच पुढे जाई. सराव कसा करायचा हे मी पट्ट्यांना बोट लावण्याआधीच शिकले होते.

पुढे रीतसर शिकवणी लागली आणि वर्षभर परीक्षेच्या त्याच तीन रचना घोटणे सुरू झाले. गुण चांगले मिळाले, पण बाराव्या वर्षी माझे मन वाजवण्यातून पार उडाले आणि कित्येक महिने मी पियानोचे झाकणही उघडले नाही. आई रागावली नाही. तिने दोघांनी मिळून चार हातांनी वाजवायची एक सोपी रचना आणली, खालच्या सप्तकांची बाजू स्वतः घेतली आणि वरची माझ्यासाठी मोकळी ठेवली. तिच्या हातांची लय सांभाळायची तर मला तिचे वाजवणे ऐकावेच लागे, आणि त्या ऐकण्यातूनच माझी इच्छा परत आली. आज मी शिक्षिका आहे ती त्या संध्याकाळींमुळे.

घरातून संगीत देण्याची ही रीत जुनी आहे. जर्मन संगीतकार बाख यांनी 1720 मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी रचनांची वही सुरू केली. तिच्यातल्या, दोन सुरावटी एकाच वेळी चालणाऱ्या छोट्या रचना 1723 मध्ये नव्याने लिहून काढताना, शिकणाऱ्याच्या वाजवण्यात गाण्याचा गुण यावा, हा हेतू त्यांनी मुखपृष्ठावरच नोंदवला. जर्मन संगीतकार शूमान यांनी 1848 मध्ये मुलांसाठी जो रचनासंग्रह लिहिला, त्याची सुरुवात मोठ्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी केलेल्या रचनांनी झाली. पोलिश संगीतकार शोपँ तर विद्यार्थ्यांना मोठे गायक ऐकायला सांगत. स्केल, म्हणजे क्रमाने चढणारी-उतरणारी स्वरांची ओळ, शिकवतानाही ते सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या सी मेजरपासून सुरुवात करत नसत. लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आपसूक बसतात म्हणून बी मेजर आधी घेत. कागदावर सोपे दिसते ते हाताला सोपे असतेच असे नाही, ही त्यांची दृष्टी मला फार मोलाची वाटते.

परीक्षांना माझा विरोध नाही. त्यांच्यामुळे शिस्त लागते आणि स्वरलेखन वाचण्याचा सराव होतो. परंतु ज्या घरात शिकवणीच्या तासाखेरीज वाद्याचा आवाजच होत नाही, त्या घरातले मूल नेमके कशासाठी वाजवणार? पालकांना स्वतः वाजवता यायलाच हवे असे नाही. मुलाच्या सरावाच्या वेळी दहा मिनिटे शेजारी शांत बसणे, त्याला आवडलेली रचना परीक्षेत नसली तरी पुन्हा वाजवायला सांगणे, चांगल्या वादकाचे ध्वनिमुद्रण त्याच्यासोबत पूर्ण ऐकणे, एवढे कोणालाही जमते. प्रवेशासाठी आलेले पालक बहुतेक वेळा पहिली परीक्षा कधी, असे विचारतात. मी त्यांना उलट विचारते, की मूल घरी काय गुणगुणते? अनेकांना उत्तर देता येत नाही. मग पहिला धडा मी महिनाभर पुढे ढकलते आणि तोवर मुलाचे गुणगुणणे लिहून आणायला सांगते.

इतर संगीत शिक्षकांनीही आपल्याला वाजवण्याची ओढ कुठून लागली ते लिहावे आणि आपण त्यांच्या पत्रांना जागा द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक पियानो शिक्षिका