पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र : नातीची बक्षिसाची बाटली परत पाठवत आहे

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

पत्रास कारण एक पाण्याची बाटली. परवा शाळेच्या चित्रकला स्पर्धेत माझी चौथीतली नात तिसरी आली. विषय 'हिरवी पृथ्वी'. बक्षिसाच्या बाटलीवर कोळसा काढणाऱ्या कंपनीचं नाव, खाली 'हरित उद्यासाठी'. दप्तराच्या एका कप्प्यात ती बाटली, दुसऱ्यात पोरीचा दम्याचा पंप.

मी चंद्रपूरला राहते. सकाळी तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसते, फडकं पिळलं की काळं पाणी. गेल्या हिवाळ्यात पोरीला चारदा रात्री दवाखान्यात नेलं. वाफ घेताना ती माझं बोट धरते, मशीन थांबेपर्यंत सोडत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये प्रदूषणाचे 100 पैकी 83.88 गुण देऊन आम्हाला अतिप्रदूषित ठरवलं, तेव्हा तिची आई कॉलेजात होती. म्हणजे दुसरी पिढी खोकते आहे, साहेब.

मागणी साधी आहे. शाळा, मैदानं, एसटी स्थानकं इथं कोळसा-तेलवाल्यांची जाहिरात आणि प्रायोजकत्व बंद करा, बाकीच्या बंदीसाठी दिल्लीकडे आग्रह धरा. जमत नाही असं सांगू नका. 1996 चा क्रिकेट विश्वचषक विल्स सिगारेटच्या नावानं झाला. 2003 च्या कायद्यानं तंबाखूची जाहिरात बंद झाली, क्रिकेट बंद पडलं नाही. आता त्याच जागेवर तेलवाले आलेत, 2022 मध्ये आयपीएलच्या ऑरेंज कॅपला सौदी तेलकंपनी आरामकोचं नाव लागलं. त्याच वर्षी फ्रान्सनं कोळसा-तेलासारख्या इंधनांच्या जाहिरातींना बंदी घातली. नेदरलँड्सच्या हेग शहरात 1 जानेवारी 2025 पासून बंदी आहे. तिथल्या मुलांची फुप्फुसं काय वेगळ्या मातीची आहेत?

मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. शाळेचं छत गळतं, पैसे त्या कंपनीनं दिले. ते छत सरकारनं का नाही दुरुस्त केलं? पोरांच्या डोक्यावरचं छपरसुद्धा धूर सोडणाऱ्यांच्या दयेवर का? वर्तमानपत्रात पहिलं पान भरून त्यांचीच जाहिरात, आणि वीज केंद्राच्या राखेची बातमी आत कोपऱ्यात दोन ओळी. ज्याच्या हातात नोटांची गड्डी, त्याचंच नाव सगळ्या भिंतींवर.

आणि नियमांचं काय झालं? कोळशावरच्या वीज केंद्रांनी धुरातला सल्फर डायऑक्साइड हा घातक वायू रोखणारी यंत्रं बसवावीत, हा नियम डिसेंबर 2015 चा. मुदत 2017. मग वाढवली, परत वाढवली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सूटच देऊन टाकली. यंत्रांना पैसे नाहीत, बाटल्यांना आहेत.

ती बाटली या पत्रासोबत पाठवत आहे. नात रडली, तिनं जिंकलेली होती ती. मी दुसरी आणून दिली आहे, कोरी, कुणाचंही नाव नसलेली.

पोच द्यावी.

एक आजी, चंद्रपूर